समुद्रात मिस्त्री येत नाही



आज आपण शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालणाऱ्या बायकांचा इतिहास ऐकणार आहोत. आपल्यातल्या कित्येकींनी अजून समुद्र पाहिलेला नसेल. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. यात धाडस आहे, वादळे आहेत, पण त्याहून जास्त आहे ती दुरुस्ती.

गावातला हातपंप बंद पडला की आपण माणूस बोलावतो. गिरणी बिघडली की तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दळण पडून राहते. भर समुद्रात असे कोणाला बोलावता येत नाही. जवळचे बंदर कधी दोन-दोन आठवड्यांच्या वाटेवर असते. जे मोडले ते बोटीवरच्या माणसाने, बोटीवरच्याच सामानातून नीट करायचे. म्हणून समुद्रावरच्या बायकांचा इतिहास वाचताना आम्ही एकच गोष्ट शोधत गेलो. बाईच्या हातात हत्यारांची पेटी कधी आली, आणि ती तिला कोणी दिली?

आधी ही बोट कशी असते ते पाहू. मधोमध उंच खांब असतो, त्याला डोलकाठी म्हणतात. मांडवाचा खांब जसा आपण चारी बाजूंनी दोर ताणून उभा करतो, तशी डोलकाठी पोलादी तारांनी ताणून धरलेली असते. तिच्यावर जाड कापडाचे शीड चढते आणि ते वारा पकडते. मागे पाण्यात सुकाणू असते, ते बोटीला दिशा देते. तळाला जड वजन जोडलेले असते, त्यामुळे लाटेने बोट आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहू शकते. इंजिनही असते, पण डिझेल मोजकेच. ते बंदरात शिरायला आणि बॅटऱ्या भरायला वापरायचे.

अशा बोटीत महिनोन्‌महिने राहायचे म्हणजे काय? सगळे घर एका मोठ्या खोलीएवढ्या जागेत. शेगडी कड्यांवर टांगलेली असते, म्हणजे बोट कलली तरी भांडे सरळ राहते. गोडे पाणी पिण्यापुरते, म्हणून भांडी खाऱ्या पाण्यात घासायची. आंघोळीचेही तेच. रात्री-बेरात्री कोणीतरी जागे असावेच लागते, म्हणून झोप तीन-चार तासांच्या पाळीने. कपडे ओले, अंथरूण ओले, आणि पायाखालची जमीन कधीच स्थिर नाही.

आणि रोज काहीतरी झिजत असते. मीठ लोखंडाला खाते. ऊन शिडाच्या धाग्याला खाते. दोरावर दोर घासून पीळ सुटतो. म्हणून रोज एक फेरी मारावी लागते. तारेचे धागे तुटलेत का, पेच सैल झालेत का, तळाशी पाणी साचलंय का. शीड फाटले तर तळहाताला चामड्याची पट्टी बांधून, जाड सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ते शिवायचे. डोलकाठीच्या शेंड्याला काम निघाले तर पट्ट्यात बसून दोराने वर जायचे. खाली बोट थोडी डोलली तरी वरचे माणूस झोपाळ्यासारखे हेलकावते, आणि अशा स्थितीत एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पान्हा चालवायचा.

बोटीवरचे हे जगणे लक्षात ठेवून आता मागे जाऊ, अडीचशे वर्षे मागे.

फ्रान्समध्ये झान बारे नावाची एक गरीब शेतमजुराच्या घरातली मुलगी होती. तिला झाडपाल्याची चांगली ओळख होती. एका वनस्पती अभ्यासकाकडे ती कामाला होती. १७६६ साली त्या अभ्यासकाला बोगनव्हिल नावाच्या कप्तानाच्या जगप्रवासात जाण्याची संधी मिळाली. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला मज्जाव होता. तेव्हा बारेने छातीला पट्टे आवळले, पुरुषाचे कपडे घातले आणि त्याचा नोकर म्हणून जहाजावर चढली. डोंगर चढून वनस्पती गोळा करायच्या, ओझी वाहायची, ही सगळी कामे तिने केली. १७६८ साली ताहिती बेटाच्या सुमारास ती बाई आहे हे उघड झाले. पुढे ती आणि तो अभ्यासक मॉरिशसला उतरले. तो तिथेच वारला, आणि ती काही वर्षांनी फ्रान्सला परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली बाई म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. कष्ट सगळे तिचे होते, पण ते करण्यासाठी आधी तिला स्वतःला लपवावे लागले.

पुढच्या शतकात बायका उघडपणे जहाजावर राहू लागल्या, पण कप्तानाची बायको म्हणून. त्या जहाजावरच संसार करत. जहाज चालवणे हे त्यांचे काम मानले जात नव्हते. त्यांच्यातलीच एक मेरी पॅटन, अमेरिकेतली. पहिल्या प्रवासात वेळ जावा म्हणून ती नवऱ्याकडून सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायला शिकली. १८५६ साली दोघे ‘नेपच्यून्स कार’ या शिडाच्या मालवाहू जहाजातून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. तेव्हा पनामाचा कालवा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून जावे लागे. तिथे भयंकर वादळे होतात.

वाटेत कप्तानाने आपल्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्याला कामात हयगय केली म्हणून कोठडीत टाकले होते. मग कप्तान स्वतः आजाराने कोसळला. दुसऱ्या अधिकाऱ्याला जहाजाची जागा काढण्याचे गणित येत नव्हते. ते येणारे एकच माणूस उरले होते, मेरी. वय एकोणीस, आणि पोटात मूल. कोठडीतल्या अधिकाऱ्याने खलाशांना फितवायचा प्रयत्न केला. मेरीने खलाशांना गोळा करून परिस्थिती सांगितली, आणि ते तिच्या पाठीशी उभे राहिले. नवऱ्याची शुश्रूषा करत, रोज गणित मांडत तिने नोव्हेंबरमध्ये जहाज सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचवले.

मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करा. नवऱ्याने फावल्या वेळात शिकवले नसते तर? हे शिक्षण तिला हक्काने मिळाले नव्हते, सहज म्हणून मिळाले होते. त्या सहज मिळालेल्या शिक्षणावर पुढे जहाजभर माणसांचे जीव तरले. पुढच्याच वर्षी तिचा नवरा गेला, आणि ती स्वतःही १८६१ साली क्षयाने वारली. तेव्हा ती २३ वर्षांची होती.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. इंग्लंडमध्ये ॲन डेव्हिसन आणि तिचा नवरा फ्रँक राहत होते. एका तळ्यातल्या बेटावर त्यांनी शेळ्या पाळून पाहिल्या होत्या. मग त्यांनी एक जुनी मोठी शिडाची बोट घेतली. ती दुरुस्त करून तीत राहायचे आणि जग पाहायचे, असा बेत होता. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, कर्ज डोक्यावर चढले. बोट जप्त होणार असे दिसल्यावर १९४९ साली ते पुरती तयारी नसतानाच निघाले. वादळात बोट खडकांवर आपटली. फ्रँक बुडाला. ॲन कशीबशी किनाऱ्याला लागली.

त्या दिवशी नवरा गेला, घर गेले, आणि कर्ज मात्र राहिले. हे दुःख आपल्यातल्या काही जणींना परके नाही. ॲनने आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या पैशांतून कर्ज फेडले. मग तिने ठरवले की समुद्र नीट शिकायचा. ‘फेलिसिटी ॲन’ नावाची अवघी २३ फुटांची बोट तिने घेतली. २३ फूट म्हणजे आपल्या एखाद्या ट्रकएवढी लांबी. मे १९५२ मध्ये ती एकटी निघाली. सुरुवातीलाच बोटीत पाणी भरू लागले, तेव्हा फ्रेंच मच्छीमारांनी तिला ओढून बंदरात नेले. तिथे दुरुस्ती करून ती पुन्हा निघाली. बंदरा-बंदराला थांबत, शिकत ती आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवर आली. तिथून नोव्हेंबरमध्ये निघून जानेवारी १९५३ मध्ये तिने अटलांटिक महासागराच्या पलीकडे डॉमिनिका बेट गाठले. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली बाई ठरली.

तिच्या बोटीचीही एक गोष्ट आहे. ती पुढे अमेरिकेत पडून होती, कुजत होती. लाकडी बोटी बांधायला शिकवणाऱ्या तिथल्या लोकांनी ती पुन्हा बांधून काढली आणि २०१८ साली पाण्यात सोडली. ज्या बोटीने ॲनला शिकवले, तिच्यावर आता नवी माणसे शिकतात.

१९७८ साल फार महत्त्वाचे. त्या वर्षी दोन बायकांनी एकटीने जगाचा वळसा पूर्ण केला. पहिली पोलंडची क्रिस्टिना. ती जहाजबांधणीची इंजिनिअर होती. पनामा कालव्याच्या वाटेने तिने एप्रिलमध्ये प्रदक्षिणा संपवली. दुसरी नेओमी जेम्स, न्यूझीलंडच्या मेंढपाळ शेतकऱ्याची मुलगी. ती केस कापण्याचे काम करायची. पोहायला ती तेविसाव्या वर्षी शिकली. बोटीत बसले की तिला उलट्या होत. रॉब नावाच्या दर्यावर्दीशी तिची ओळख झाली, लग्न झाले, आणि बोट चालवायला ती त्याच्याकडून शिकली. शिकून दोन वर्षे झाली नाहीत तोच, सप्टेंबर १९७७ मध्ये, उसनी मिळालेली ५३ फुटांची बोट घेऊन ती एकटी केप हॉर्नच्या वाटेने निघाली.

वाटेत काय झाले नाही? रेडिओ बंद पडला. बोट आपोआप दिशेवर ठेवणारे यंत्र मोडले, ते नीट करायला केप टाउनला थांबावे लागले. पुढे दक्षिणेच्या समुद्रात डोलकाठी धरणाऱ्या तारांचा जोड निकामी झाला. काठी पडायच्या बेतात होती. काठी पडली तर बोट लंगडी, आणि जवळपास कोणी नाही. तिने दोर-तारा बांधून काठी सावरली. मागे फिरून न्यूझीलंडला जावे असेही तिच्या मनात आले. तेवढ्यात फेब्रुवारीच्या अखेरीस एका लाटेने बोट पार उलटी केली. तळातल्या वजनाने ती पुन्हा सरळ झाली. नेओमीने आतले पाणी उपसले, पसारा आवरला आणि बोट पुढे हाकली. मार्चमध्ये केप हॉर्न मागे पडले, आणि ८ जूनला, २७२ दिवसांनी ती घरी पोहोचली. केप हॉर्नच्या वाटेने एकटीने जग फिरणारी ती पहिली बाई. केस कापणाऱ्या हातांनी डोलकाठी वाचवली होती.

तरीही मोठ्या शर्यतींच्या बोटींवर बाईला काम कोणते मिळे? स्वयंपाकाचे. इंग्लंडची ट्रेसी एडवर्ड्स १९८५-८६ च्या जगप्रदक्षिणा शर्यतीत एका बोटीवर स्वयंपाकीण म्हणून गेली होती. शिडाला हात लावायचा तर पुरुषांच्या बोटीवर तिला जागा नव्हती. तेव्हा तिने ठरवले की सगळ्या बायकांचीच बोट काढायची. पैसे देणारे मिळेनात. घर गहाण टाकून तिने आधीच्या शर्यतीतली एक जुनी बोट विकत घेतली. ५८ फुटांची, पार खराब झालेली. ती नवी करायला कारागीर लावण्याइतके पैसे नव्हते. म्हणून त्या बायकांनीच ती खोलली, घासली, वायरी टाकल्या, रंग दिला. नाव ठेवले ‘मेडन’, म्हणजे कुमारिका.

या गरजेतून एक फायदा झाला. बोटीतला कोणता पेच कुठे आहे हे त्या बायकांना डोळे मिटून ठाऊक झाले. वर्तमानपत्रांत त्यांची टिंगल झाली. पहिल्या टप्प्यातच परत येतील, आपसांत भांडतील, असे लिहिले गेले. १९८९-९० च्या शर्यतीत बारा जणींनी ‘मेडन’ नेली, दक्षिणेच्या थंड समुद्रातून, बर्फाच्या डोंगरांजवळून. शर्यतीचे दोन टप्पे त्यांनी आपल्या गटात जिंकले, आणि अखेरीस त्यांच्या गटात दुसरा क्रमांक मिळवला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या किनाऱ्यावर मासळीचा बाजार कोळणींच्या हाती, पण खोल समुद्रात जाणे पुरुषांकडे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शिडाच्या बोटीतून भारतीय माणसाने एकट्याने जग फिरावे, हे स्वप्न धरले ते एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून इतक्या लांब, दुष्काळी मुलखात बसून ते नौदलाच्या मागे लागले होते. २००६ साली नौदलाने होकार दिला आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वतःहून नाव दिले.

बोट बांधली गोव्यात, पणजीजवळच्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लास चढवून, ५६ फुटांची. मांडवी नदीला म्हादई म्हणतात, तिचेच नाव बोटीला दिले. दोंदे बांधणीच्या काळात तिथेच होते. बोट बांधली जाताना पाहिली, हात लावला, म्हणून पुढे भर समुद्रात काय मोडले आणि ते कसे उघडायचे हे त्यांना कळत होते. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने जगाला वळसा घालून मुंबईला परतले. असे करणारे ते पहिले भारतीय.

दोंदे यांनी हे ज्ञान स्वतःपुरते ठेवले नाही. नौदलातल्या सहा तरुण अधिकाऱ्यांना त्यांनी शिकवले. वर्तिका जोशी, प्रतिभा जमवाल, पी. स्वाती, पायल गुप्ता, ऐश्वर्या बोड्डापती आणि विजया देवी. यांतल्या वर्तिका आणि पायल उत्तराखंडच्या, प्रतिभा हिमाचलची, विजया मणिपूरची. म्हणजे निम्म्याहून जास्त जणी डोंगराळ भागातल्या. समुद्राकाठी जन्म व्हावा लागतो असे काही नाही.

आधी त्यांनी ‘म्हादई’वरच धडे घेतले. २०१६ साली मॉरिशसला जाऊन आल्या, मग केप टाउनपर्यंत गेल्या. दरम्यान दिवाडीच्या त्याच कारखान्यात ‘म्हादई’ची धाकटी बहीण तयार झाली, ‘तारिणी’. ओडिशातल्या तारा-तारिणी देवीचे हे नाव. तारून नेते ती तारिणी.

१० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातून ‘तारिणी’ निघाली. वर्तिका जोशी कप्तान. वाट अशी: गोव्याहून ऑस्ट्रेलियाचे फ्रीमँटल, तिथून न्यूझीलंडचे लिटल्टन, मग अथांग प्रशांत महासागर ओलांडून केप हॉर्नला वळसा, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनली, मग आफ्रिकेतले केप टाउन, आणि परत गोवा. बंदर आले की शिधा भरायचा, झिजलेले बदलायचे. पुन्हा पुढचे बंदर येईपर्यंत सगळे आपले आपणच. प्रशांत महासागरात त्यांना ताशी ११० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा लागला, दुमजली घराएवढ्या लाटा आल्या. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे नेओमीनंतर चाळीस वर्षांनी, त्यांनी केप हॉर्न ओलांडले.

केप टाउननंतर घर जवळ आले असे वाटत असतानाच सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणू गेले तर बोट वाऱ्याच्या हाती. त्या ठरलेल्या वाटेवर नसलेल्या मॉरिशसला वळल्या, एप्रिलमध्ये पोर्ट लुईला थांबून दुरुस्ती करून घेतली आणि मगच निघाल्या. आम्हाला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. कोणती दुरुस्ती आपल्या हातची आहे आणि कोणत्या वेळी थांबायचे, हे ओळखणे हासुद्धा कारागिरीचाच भाग आहे. २१ मे २०१८ रोजी ‘तारिणी’ गोव्याला पोहोचली. २५४ दिवस, २१,६०० सागरी मैल. सागरी मैल आपल्या मैलापेक्षा मोठा असतो, म्हणजे हे अंतर सुमारे ४०,००० किलोमीटर झाले. सगळ्या बायकांनी चालवलेल्या भारतीय बोटीची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

त्यांच्यातली पायल गुप्ता पुढे कुठे गेली ठाऊक आहे? ट्रेसीच्या ‘मेडन’वर. ती बोट मधल्या काळात दूर बेटांवर बेवारस पडली होती. ट्रेसीने ती परत मिळवून दुरुस्त केली. २०२३-२४ च्या जगप्रदक्षिणा शर्यतीत वेगवेगळ्या देशांच्या बायकांनी ती चालवली, त्यांत पायल होती. बोटींच्या आकारमानाप्रमाणे वेळ मोजून जो अंतिम निकाल लागतो, त्यात ‘मेडन’ सगळ्यांत पहिली आली. सगळ्या बायकांच्या चमूने जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

आणि ‘तारिणी’ही पुन्हा निघाली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी या वेळी फक्त दोघी जणी होत्या, दिलना आणि रूपा. सहा जणींचे काम दोघींनी करायचे. एक झोपली की दुसरी जागी. आठेक महिने समुद्र तुडवून मे २०२५ च्या अखेरीस त्या गोव्याला परतल्या.

मैत्रिणींनो, आता हे सगळे एका ओळीत मांडून पाहा. बारेला लपून जावे लागले. मेरीला नवऱ्याने सहज शिकवले. ॲन सर्वस्व गमावल्यावर शिकली. ट्रेसीला कोणी शिडाला हात लावू देईना, म्हणून तिने स्वतःची बोट खोलली. वर्तिका आणि तिच्या सोबतिणींना मात्र नीट बसवून, ठरवून शिकवले गेले, आधी सरावाचे प्रवास करू दिले, मग बोट सोपवली. अडीचशे वर्षांत बाईचे बळ वाढले नाही, की समुद्र शांत झाला नाही. शिकवण्याची रीत बदलली.

हे फक्त समुद्रावरच घडते असे समजू नका. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातून खेड्यातल्या बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली गेली. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. हातपंप बंद पडला की दूरवरून पाणी वाहण्याचे कष्ट त्यांचेच, आणि पंपाला हात लावायचा अधिकार मात्र दुसऱ्यांचा, अशी स्थिती होती. त्यांनी पान्हे हातात घेतले, पाइप उपसून काढले, वॉशर बदलले. गावातले लोक आधी हसले आणि मग बोलवायला येऊ लागले.

आपल्या गटांत आज यंत्रे आली आहेत. कुठे पिठाची गिरणी, कुठे मसाला कांडप, कुठे शिलाई मशीन, कुठे सौर पंप. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपण भरतो, यंत्र आपण चालवतो. पण ते खोलायची वेळ आली की आपण बाजूला उभ्या राहतो आणि येणारा माणूस सांगेल ती किंमत देतो. गिरणी आठ दिवस बंद राहिली तर हप्ता थांबत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या प्रत्येक यंत्राचे नाव वहीत लिहा. समोर लिहा, ते शेवटचे कधी बिघडले, किती दिवस बंद होते, किती पैसे गेले. आणि तिसऱ्या रकान्यात लिहा, आपल्यातल्या कोणाला त्यातले काय दुरुस्त करता येते. तो रकाना रिकामा राहिला तर वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी मिस्त्री येईल तेव्हा दोघी जणी त्याच्या शेजारी बसा. त्याने कोणता पेच आधी सोडवला, पट्टा कसा चढवला, तेल कुठे घातले, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. विजेचे यंत्र असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि वायरिंगचे काम शिकलेल्या माणसाशिवाय करायचे नाही, हेही त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा. मग गटाच्या पैशांतून एक पान्ह्यांचा संच, एक पक्कड, दोन पेचकस घ्या. आणि ती पेटी कोणाच्या घरी ठेवायची, हे आपल्या हिशेबाच्या वहीसारखेच ठराव करून नक्की करा.

तुमच्या गटाचा तिसरा रकाना भरू लागला की आम्हाला जरूर कळवा.